झूल का जू?

गाडी फाटकातून आत आली की मिस्त्रींचा पहिला प्रश्न ठरलेला. या-बसा नाही, काय झालंय नाही, पाणी घ्या नाही. थेट, “झूल का जू?”

पोळ्याला बैलाच्या पाठीवर घालतात ती झूल आणि वर्षभर त्याच्या मानेवर असतं ते जू. गाडी नटवायला आणलीय का कामाला लावायला, एवढंच त्यांना विचारायचं असायचं. पोरं गोंधळायची. वीस-वीस वर्षांच्या जुन्या जपानी गाड्या घेऊन नगरहून, नेवाशाहून, थेट कर्जतहून यायची, मोबाईलवर परदेशातल्या गाड्यांचे फोटो तयार ठेवायची आणि म्हणायची, “मिस्त्री, मोडिफाय करायचीय.”

“त्यातलं ‘मोडि’ तेवढं खरं हुतं बहुतेकांचं,” मिस्त्री म्हणायचे. “आधी मोडायची, मंग फाय-फाय करीत हिंडायचं.”

मी आज त्यांना ‘मिस्त्री’ म्हणते, ‘ते’ म्हणते. आमची ओळख झाली तेव्हा मी त्यांना छापील अक्षरांत ‘हा इसम’ म्हटलं होतं.

मी पत्रकं लिहिते. कॉलेजात असल्यापासून लिहिते. एसटी वेळेवर सोडा, मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी बसवा, रस्त्यावर सांडलेला ऊस उचला, या सगळ्यांवर लिहून झालंय. माझी वाक्यं ‘आता तरी’ने सुरू व्हायची आणि उद्गारचिन्हाने संपायची. माणसं माझी पत्रकं घेतात, घडी करतात आणि तिच्यात शेंगदाणे ठेवून खातात. मला त्याचा राग येतो. अजूनही येतो.

नगर-मनमाड रस्त्यावर राहुरीच्या अलीकडे एक वळण आहे. वळणाच्या एका अंगाला, लिंबाखाली, मिस्त्रींचं गॅरेज होतं. दुसऱ्या अंगाला आमचं घर. गॅरेजमधून गाडी बाहेर पडली की पोरं नेमकी आमच्या खिडकीसमोर ॲक्सिलरेटर दाबून सोडायची आणि पाईपमधून फट-फट-फटाक! लवंगी माळ लागल्यासारखं. हे रोज, भर दुपारी. मी पत्रक काढलं. ‘कानठळ्यांचा कारखाना बंद करा!’ त्यात ध्वनिप्रदूषणाचा भस्मासुर होता, बधिर प्रशासन होतं आणि ‘सायलेन्सर फाडून पिकअप वाढवण्याचा अघोरी धंदा करणारा हा इसम’ होता. पाचशे प्रती काढल्या. राहुरीच्या बाजारात स्वतः वाटल्या.

तिसऱ्या दिवशी त्यातली एक प्रत आमच्या फाटकाच्या गजात खोचलेली सापडली. सुताराच्या निळ्या पेन्सिलीने तिच्यावर सात गोल केले होते. खाली लिहिलं होतं: ‘सात चुका. छपाईच्या न्हाईत, इंजिनाच्या. येऊन समजून घेने.’

मी तरातरा गेले. एका काळ्या गाडीखालून दोन पाय बाहेर आले होते. मी पायांशी भांडायला सुरुवात केली.

“हे कोणी लिहिलंय?”

“पत्रक तुझं का?” गाडीखालून आवाज आला.

“माझं! आणि मी त्यातला एक शब्दही मागे घेणार नाही!”

“कोन म्हनतंय मागं घे? नीट कर म्हनतोय. बस त्या डब्यावर.”

आणि मिस्त्री बाहेर आले. पांढरा शुभ्र लेंगा, पांढरा शुभ्र शर्ट. गाडीखालून आलेला माणूस, आणि अंगावर ऑइलचा एक ठिपका नाही. मी ऐनवेळी काय बोलायचं ते विसरले. त्यांचं म्हणणं असं होतं, की ऑइल अंगावर उडालं म्हणजे मिस्त्री घाईत होता. “डागदर रगतानं भिजून बाहेर आला तर तू त्याच्याकडनं ऑपरेशन करून घेशील का?” पुढे काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मला खरं काय ते सांगितलं. डाग पडायचे. शर्ट ठेवलेले चार होते आणि दिवसातून दोनदा आतल्या खोलीत जाऊन बदल व्हायचा. “मानूस खोटं बोलत न्हाई,” काकू म्हणाल्या, “निस्तं मधी कापडं बदलून येतं.”

तर चुका. बाकीच्या सहा मी विसरले. तिसरी विसरणं शक्य नाही. ‘पिकअप वाढवण्याचा’ या शब्दांभोवती गोल होता.

“पाईप मोकळा केला म्हनून पिकअप वाढत न्हाई,” मिस्त्री म्हणाले. “उलट बारक्या इंजिनाचा खालचा, कमी स्पीडचा दम जातो. आवाज वाघाचा, चाल शेळीची. हे लिवलं असतंस ना, तर निम्म्या पोरांनी लाजंनं आपनहून पाईप बदलले असते. तू काय लिवलंस? अघोरी! पोरांनी ते कापून डॅशबोर्डावर चिटकवलंय. खूश हायेत.”

खरंच चिकटवलं होतं. काळ्या गाडीत मी स्वतः बघितलं.

“पाईप मी कापत न्हाई, ते नगरात कापून आनत्यात,” ते पुढे म्हणाले. “पन इंजिन मीच जागं करतो. तेवढा दोष माझा. तो लिव.”

दोष कबूल करणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं, हे मला कुठल्याच शिबिरात शिकवलं नव्हतं.

मग मी जात राहिले. पुरावे गोळा करायला, असं स्वतःला सांगून. जायचे, डब्यावर बसायचे आणि वही काढायचे. वहीत पुराव्यांऐवजी भलतंच जमत गेलं. उदाहरणार्थ, मिस्त्री इंजिन ऐकायचे ते लाटण्याने. लाटण्याचं एक टोक इंजिनावर, दुसरं कानाला. डोळे मिटलेले. दुसरा आवाज नको म्हणून शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्याला हात करून गिरणी थांबवायला लावायचे आणि तो थांबवायचा. सुरुवातीला लाटणं घरातलं होतं. एकदा पाहुण्यांच्या चपात्यांना ग्रीसचा वास आला तेव्हा काकूंनी नवं आणलं आणि जुन्यावर विळ्याने खूण केली. “हे गाडीचं. ह्यानं लाटलं तर तुमीच खायचं.”

किंवा हे, की मिस्त्री बॉनेट उघडण्याआधी वाकून नमस्कार करायचे. तरुणपणी ते नगरला एका कारखान्यात होते. तिथे यंत्र बसवायला एक जपानी इंजिनिअर आला होता. त्याने काम सुरू करण्याआधी यंत्रासमोर कमरेत वाकून मान लववली. “सगळी हासली,” मिस्त्री सांगायचे. “मी म्हनलं, ए गपा रं, हा आपलाच मानूस हाय. पोळ्याला आपन बैलाला वाकतो तसाच वाकला.” तेव्हापासून त्यांनी जपानी गाडीशिवाय दुसरी गाडी हातात घेतली नाही.

नेवाशाहून एक पंचविशीचा गडी यायचा. काळी गाडी त्याचीच. त्याने एकदा डिकीवर बसवायला हा एवढा मोठा पंख आणला. पांढरा, अर्ध्या दरवाजाएवढा.

“हा कशाला?” मिस्त्रींनी विचारलं.

“डाउनफोर्स, मिस्त्री. गाडी जमिनीला चिकटून राहते.”

“किती स्पीडला?”

“दीडशेच्या म्होरं.”

“आन तू नेवाशाच्या रस्त्याला किती पळवतो?”

गडी खाली बघायला लागला. “खड्डे हायेत ना, मिस्त्री. चाळीस.”

“मंग चाळीसला ह्याच्यावर फडकी वाळत घालू.”

आणि घातली! लिंबाच्या दोन फांद्यांना पंख बांधला आणि त्याच्यावर गॅरेजची फडकी वाळत पडली. पोराचं नावच पंखवाला पडलं. तोही असा कोडगा, की येताना घरचा ओला टॉवेल घेऊन यायचा. “माझा पंख हाय, माझा टावेल आधी.”

यावरून कोणाला वाटेल, की मिस्त्री झुलीच्या विरोधात होते. मलाही वाटलं. मी वहीत लिहूनही टाकलं: ‘दिखाऊपणाविरुद्ध लढणारा कष्टकरी.’ मग कर्जतचा एक माणूस आला. याला फक्त जू पाहिजे होतं. वजन कमी करायचं म्हणून गाडीतली मागची सीट काढली, पत्र्याआतलं अस्तर काढलं, शेवटी ड्रायव्हरशेजारची सीटही काढली. इंजिन मात्र असं, की मिस्त्रींनी लाटणं लावून दोनदा “वा” म्हटलं. मग त्यांनी आत डोकावलं. शेजारच्या जागेत रंगाचा रिकामा डबा पालथा घातला होता आणि त्याच्यावर त्या माणसाची बायको बसली होती. कर्जतपासून.

मिस्त्रींनी लाटणं खाली ठेवलं. “जू म्हंजे निस्ती ताकद न्हाई, पाव्हनं. जू दोन खांद्यांवर सारखं बसाया लागतं. एक बैल गादीवर आन दुसरा डब्यावर, ह्याला जू न्हाई म्हनत, जुलूम म्हनत्यात. आधी वहिनींची सीट बसवा.”

वहिनी डब्यावरूनच म्हणाल्या, “दोन वर्षं हेच सांगतीय मी!”

त्या दिवशी मी वहीतलं वाक्य खोडलं. झूल वाईट का, असं सरळच विचारलं. मिस्त्री म्हणाले, “वर्षभर जू वाहिलं त्याला एक दिवस झूल शोभती. कामच न्हाई त्याच्यावर झूल घातली म्हंजे बैल बाजारात निघालाय, एवढंच.”

म्हणून त्यांच्याकडे झुलीचं काम वर्षातून एकच दिवस व्हायचं, पोळ्याला. रंग, पट्टे, दिवे, जे काय नटवायचं ते त्या दिवशी. पण आदल्या दिवशी खांदेमळणीला गाडी आणायची. बैलाचे खांदे हळद-लोण्याने चोळतात तसं मिस्त्री प्रत्येक गाडीचं चाक उतरवून ब्रेक बघायचे, सांधे ग्रीसने मळायचे. खांदेमळणी चुकवली त्याला झूल नाही. पोरं हे सगळं माहीत असल्यासारखी वागायची. मला यातलं ओ का ठो माहीत नव्हतं. आमच्या घरात तीन पिढ्या कारकुनी. बैल आम्ही मातीचे आणतो.

आता माझी गाडी. म्हणजे तात्यांची. तात्या माझे वडील. त्यांची एक छोटी जपानी गाडी होती, पांढरी. तात्यांचं छातीचं ऑपरेशन झाल्यापासून ती मी चालवायचे. दर महिन्याला त्यांना नगरला डॉक्टरांकडे न्यायचं आणि उरलेल्या दिवसांत चळवळीला वापरायची. तिच्यावर मी स्टिकर लावले होते, ‘शांतता हा आमचा हक्क!’, ‘कान म्हणजे गटार नव्हे!’ टपावर एक भोंगा होता. हो, भोंगा. आवाजाविरुद्ध बोलायचं तर आवाज नको का पोचायला?

चाकातून किंचाळल्यासारखा आवाज यायला लागला तेव्हा मी राहुरीत दोन ठिकाणी नेली. दोघांनीही एकच सांगितलं, जपानी हाय ना, मिस्त्रीकडं न्या. गेले. नेमका पोळ्याचा आदला दिवस होता, आणि मला तो पोळ्याचा आदला दिवस आहे हेही ठाऊक नव्हतं.

मिस्त्रींनी गाडीला एक चक्कर मारली. स्टिकर वाचले. भोंग्याकडे बघितलं. झूल का जू, हे त्यांनी विचारलंच नाही.

“झूल लई केलीस,” म्हणाले.

मग चाक उतरवलं आणि ब्रेक पॅड काढून माझ्या हातावर ठेवलं. झिजून नुसता पत्रा उरला होता.

“लोखंडावर लोखंड घासतंय. कोनाला घिऊन जातीस हिच्यातनं?”

“वडिलांना. नगरला.”

“घोषनेनं थांबती का गाडी?”

मी चिडले. चूक माझी होती म्हणून जास्तच चिडले. सभेत बोलते तसं हात वर करून ओरडले, “तुम्ही मला शिकवू नका! माझ्या वडिलांचं छातीचं ऑपरेशन झालंय! दुपारी औषध घेऊन कसाबसा डोळा लागतो, आणि तुमची पोरं वळणावर पाईप फोडतात! खाटेवरून उडतात ते! हात छातीवर जातो! कोणासाठी लिहिलं मी पत्रक? हौस म्हणून?”

पंखवाला पाना हातात घेऊन उभाच राहिला. मिस्त्रींनी शर्टाच्या खिशातून घडी केलेला कागद काढला. माझंच पत्रक. वरून खालपर्यंत वाचलं.

“ह्यात भस्मासुर हाय. प्रशासन हाय. मी हाय. तुझा बाप कुठं हाय?”

“तो आमचा घरचा प्रश्न आहे. चळवळीत घरचं आणत नाहीत.”

“मंग ही आठवी चूक,” ते म्हणाले, आणि कोपऱ्यातल्या कोऱ्या जागेवर निळ्या पेन्सिलीने एक रिकामा गोल केला.

मी लिंबाकडे तोंड करून उभी राहिले. मागे मिस्त्री काम करत होते. नवे पॅड बसले, चाकं चढली. मग त्यांनी वाटीतली हळद घेऊन चारही चाकांना बोटं लावली आणि हळूच, अगदी मऊ आवाजात म्हणाले, “आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.”

मला भरून आलं. इतकं सगळं बोलल्यावर हा माणूस जेवायला बोलावतोय! मी वळून म्हटलं, “येते. वडिलांनाही घेऊन येते.”

मिस्त्री चाकाशी बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, चाकाकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. “या,” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि तात्या इस्त्रीचे कपडे घालून, पेढ्याचा पुडा घेऊन, गाडीतून हजर. लिंबाखाली दहा-अकरा गाड्या ओळीने उभ्या. बॉनेटवर झेंडूच्या माळा, गेरूचे पंजे, आरशांना गोंडे, एकीला तर चक्क बाशिंग. काकू प्रत्येक गाडीपुढे पुरणपोळीचं ताट ठेवत पुढे सरकत होत्या. आमच्या गाडीसाठीही ताट होतं. माणसांसाठी पान मात्र कुठेच मांडलेलं नव्हतं.

“या, बसा… तुमी जेवायला?” काकू गोंधळल्या.

“काल मिस्त्रींनी आवतण दिलं ना,” मी म्हटलं.

पंखवाला गाडीमागे जाऊन खाली बसला. हसून हसून त्याला उभं राहता येईना. “ताई,” तो कसाबसा म्हणाला, “ते आवतन गाडीला हुतं! खांदेमळनीला बैलाला देत्यात, तसं!”

मला वाटलं, जमिनीने मला आत घ्यावं आणि वरून ग्रीस लावावं. पण तात्या शांतपणे चप्पल काढून तिथल्याच एका रिकाम्या पाटावर बसले. “मग बरोबर आहे. गाडी माझ्या नावावर आहे. गाडीला आवतण म्हणजे मला आवतण.”

“आन बैल जेवतो तर धनी उपाशी जातो व्हय?” काकू म्हणाल्या, आणि आत वळून ओरडल्या, “अजून पुरन वाटा गं!”

तात्यांनी दोन पोळ्या खाल्ल्या. डॉक्टरांनी अर्धी सांगितली होती. मग काठी टेकत एकेक गाडी बघत ते पंखवाल्याच्या काळ्या गाडीपाशी थांबले.

“दुपारी फटाके फोडते ती हीच का?”

पंखवाल्याचं हसू गेलं. “व्हय, तात्या. चुकलं.”

“एकदा वाजवून दाखवा की.”

“तात्या!” मी ओरडले. काकूंचा हात कपाळाला गेला.

“अगं, रोज ऐकतो. कोण आहे ते समोरासमोर तरी बघू दे. मी हात वर करीन. खाली आणला की वाजवायचं.” तात्यांनी हात वर केला. तीन, दोन, एक असं मोठ्याने मोजलं. हात खाली. फट-फट-फटाक! लिंबावरचे कावळे उडाले. आणि तात्या हसत होते. ऑपरेशननंतर इतके हसलेले मी त्यांना बघितलेच नव्हते.

“सांगून वाजला तर आवाज असतो,” ते पंखवाल्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले. “न सांगता वाजला की धक्का असतो. एवढंच आहे बाबा आमचं.”

मिस्त्री माझ्याकडे वळले आणि खिशातली निळी पेन्सिल काढून माझ्या हातात दिली. “लिव.”

मी लिहिलं. पहिला मसुदा पानभर होता. मिस्त्रींनी खोडायला घेतलं. “ही झूल. ही बी झूल. हा भस्मासुर पुन्हा कसा आला? ही झूल.” शेवटी उरलं ते एवढं: ‘या वळणावरच्या घरात माझे वडील दुपारी झोपतात. त्यांचं छातीचं ऑपरेशन झालं आहे. वळण संपेपर्यंत पाईप वाजवू नका.’ उद्गारचिन्ह एकही नाही. मी एक तरी मागितलं. मिळालं नाही, तीही झूल.

हे छापलं नाही. पंखवाल्यानेच फांद्यांवरून आपला पंख सोडवला, धुतला, त्याच्यावर निळ्या रंगात हे शब्द काढले आणि वळणावर दोन खांबांवर बसवला. “माझा पंख हाय,” म्हणाला, “अक्षर बी माझंच पायजे.” ‘ऑपरेशन’ त्याने ‘आपरेशन’ लिहिलं. मिस्त्री म्हणाले, “राहू दे. ही छपाईची चूक हाय, इंजिनाची न्हाई.”

माझ्या पाचशे पत्रकांनी जे झालं नाही ते त्या एका पंखाने झालं. पोरं पंख दिसला की क्लच दाबायची आणि गाडी नुसती वाहत जाऊ द्यायची. काहींनी तर पाईपच बदलले, खालचा दम जातो हे कळल्यावर. भोंगा मी उतरवला. कोणी सांगितलं नव्हतं.

पुढे रस्ता रुंद झाला, गॅरेज त्यात गेलं. त्याविरुद्ध मी तीन पत्रकं काढली, ती अर्थातच कोणी वाचली नाहीत. मिस्त्री आता कर्जतकडे लेकीच्या गावी असतात. तिथेही लिंब शोधलाय म्हणे. पोळ्याच्या आदल्या दिवशी फोन येतो. पलीकडून तोच मऊ आवाज, “आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.”

“कोणाला? मला का गाडीला?” मी विचारते.

“गाडीला. तू मागनं येतीसच की!”

पंख मात्र वाचला. रुंदीकरणात पंखवाल्याने तो स्वतः उचलून दोन हात मागे घेतला.

काल दुपारी मी खिडकीशी नवं पत्रक लिहीत बसले होते. बाहेर वळणावरून एक गाडी गेली. पाईप नाही, हॉर्न नाही, डांबरावर चाकांची नुसती सरसर. तात्या डोळे मिटलेलेच म्हणाले, “पंखवाला गेला.”

“कशावरून?”

“जू बरोबर बसलंय,” ते म्हणाले, आणि कुशीवर वळून झोपले.

मी पत्रकातली उद्गारचिन्हं खोडत आले. शेवटचं एक ठेवलं. पोळा जवळ आलाय.